लाल दोऱ्याच्या टबांचं पाणी

लातूरच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण बाटल्यांवरची मराठी अक्षरं वाचता येतात. बोलणं मात्र जमत नाही. विचारलं तेवढंच सांगते, तेही पुष्कळदा मान हलवून.

तिथे देगलूरकडची एक मुलगी संशोधन करत होती. मी तिला ताई म्हणायची, ती मला मावशी. तिने मातीशिवाय ज्वारी वाढवली होती. बारा लहान टब, झाकणांना भोकं, भोकांत रोपं आणि मुळं खाली पाण्यात लोंबलेली. सहा टबांना पांढरा दोरा, सहांना लाल, कारण जाती दोन होत्या. सगळ्या टबांत तिने सारखं मीठ मोजून घातलं होतं. कोणती जात मीठ कमी आत घेते, एवढंच तिला बघायचं होतं.

एकदा टब पुसताना माझ्या तोंडून निघून गेलं, “नको असंल तर मूळ मीठ घेतंय कशाला, ताई?”

“मुळाच्या कातडीला लई बारीक दारं असतात, मावशी. पाण्यात मिठाचे कण सुटे होतात. पालाश, म्हंजे खतातलं पोटॅश, आत यायला जी वाट असते, तिथून मिठातलं सोडियमबी घुसतं. मग मूळ त्याला बाहेर ढकलत बसतं. त्यात ताकद जाते, रोप खुरटतं.”

“टँकरवर नंबर नसताना घुसतेत तसं,” मी म्हटलं. ती खूप हसली.

बहिणीच्या लग्नाला ती आठ दिवस गावी गेली. जाताना सांगून गेली, “टबातलं पाणी रेघेखाली उतरलं की कॅनमधलं घाला. कॅन संपला तर मशीन लावा.”

ते मशीन पाणी उकळतं आणि वाफेचं पुन्हा पाणी करतं. ते थेंब थेंब कॅनमध्ये पडतं. वाफ गार करायला दुसऱ्या नळीतून साधं पाणी वाहत असतं, ते मोरीत जातं. मला ते बघवत नाही. कामाला लागले त्या दिवसापासून मी त्या नळीखाली बादल्या लावते. आमचा शिपाई मामा चिडवायचा, “बादल्या भरून कुलुपात ठेवा, बाई. पुढच्या उन्हाळ्यात विकू.”

त्या आठवड्यात वीज सारखी जायची. कॅनमधलं पाणी पांढऱ्या दोऱ्याच्या सहा टबांनाच पुरायचं. लाल टबांना मी बादलीतलं घालायची. पाणी स्वच्छ होतं आणि त्याच मशीनमधून आलेलं होतं. रोपं तहानेली ठेवायची कशी? आठही दिवस असंच चाललं.

ताई आली, तिने पानं वाळवली, कुटून ॲसिडात विरघळवली आणि ते पाणी ज्योतीच्या यंत्रात सोडलं. सोडियम असलं की ज्योत पिवळी होते, चुलीत मीठ पडल्यावर होते तशी. दुपारी ती उड्या मारायचीच बाकी होती. “मावशी, लाल दोऱ्याची जात मीठ आत येऊच देत न्हाई. उद्या सरांना दाखवते.”

संध्याकाळी मी रिकामे टब धुवायला घेतले. पांढऱ्या दोऱ्याचे टब नुसत्या पाण्याने निघाले. लाल टबांच्या कडेला पांढरा थर बसलेला होता, घासूनही जाईना. आमच्या घरच्या हंड्याला बोअरच्या पाण्याने बसतो तसाच. मिठाचा डाग पाण्याने विरघळतो, हा विरघळत नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन्ही रांगांचं पाणी एक नव्हतं.

मामाला सांगितलं. तो म्हणाला, “गप ऱ्हावा. पोरगी खूश हाय, तुमची नोकरीबी ऱ्हाईल. कुणाला कळतंय?”

खरंच कुणाला कळलं नसतं. पण ती सरांपुढे जे सांगणार होती ते जातीचं नव्हतं, माझ्या बादलीचं होतं. पुढे ते बियाणं कुणी खारवट रानात पेरलं असतं.

सकाळी ती कागद घेऊन निघाली, तेव्हा मी दारात उभी राहिले.  लाल टब उचलून तिच्यापुढे धरला आणि थरावर बोट ठेवलं. “ताई, यांना मी बादलीतलं घातलं. मोरीच्या नळीचं.”

तिने तो थर नखाने खरवडून बघितला. मग स्टुलावर बसली. डोळे भरले होते, पण माझ्यावर ओरडली नाही.

“रोज?”

“हाव.”

“किती?”

“रेघेपर्यंत.”

त्या दिवशी ती सरांकडे गेली नाही. नंतर तिनेच सांगितलं, त्या नळीला बोअरचं जड पाणी येतं आणि त्यात चुन्याचा अंश असतो. तो असला की मुळाच्या दारांतून सोडियम कमी शिरतं. माझ्या रोपांना त्यानेच वाचवलं असावं.

तिने पुन्हा बी टाकलं. तिचे दोन महिने गेले. या वेळी दोन्ही रांगांना कॅनचंच पाणी दिलं, आणि लाल दोऱ्याची जात काही वेगळी निघाली नाही. दोघी सारख्याच खुरटल्या. मग चुन्याचा अंदाज खरा का ते बघायला तिने तिसरी रांग लावली, निळ्या दोऱ्याची. त्यात बादलीचं पाणी, रोज मोजून. ते मोजायचं काम तिने माझ्याकडे दिलं. घातलं की मी आकडा लिहिते. वहीत माझं अक्षर मोठं आणि वाकडं दिसतं. ती ते खोडत नाही.