कॅप्टन बेनेगास आणि सासूबाईंची संत्र्याची बाग

पराग्वे नदीच्या वरच्या अंगाला सान रोके नावाचं लाकडी ठाणं होतं आणि हासिंतो बेनेगास तिथला कॅप्टन होता. स्पेनच्या राजाचा अधिकारी खरा, पण राजाकडून त्याला नुसता हुद्दा आणि लाल कॉलरचा गणवेश मिळाला होता. घोडा वडिलांचा, तलवार चुलत्याची. शिपाई म्हणजे आजूबाजूचे शेतकरीच. लावणी आली की ते पहारा सोडून सरळ शेतात जात, आणि कॅप्टनही त्यांच्यामागोमाग आपल्या मंदिओकाचे कंद खणायला वळे.

मनानं माणूस साधा होता. पण तरुणपणी हुद्दा नवा होता तेव्हा त्यानं एक आगाऊपणा केला होता. ठाण्याचे ओंडके ओढायला त्यानं राजाच्या नावानं सासूबाईंची बैलजोडी परस्पर नेली. चिखलात पाय मोडून एक बैल गेला, आणि दुसऱ्यानं त्याच्यामागे चारा सोडला. तेव्हापासून बासिलियाबाईंनी जावयाशी अबोला धरला. समोर बसून माते नावाचा पाल्याचा चहा पितानासुद्धा त्या लेकीला म्हणायच्या, "कासिल्दा, तुझ्या नवऱ्याला सांग, मिशीला चिपा-पावाचा चुरा लागलाय." हासिंतो मुकाट्यानं मिशी पुसायचा.

मग एका वर्षी नदी फुगली ती उतरेचना. काठ ढासळत ढासळत ठाण्याच्या कुंपणापर्यंत आला आणि एका सकाळी बुरूज तोफेसकट पाण्यात गेला. माणसं आणि दारूगोळा तेवढा हासिंतोनं बाहेर काढला. जवळपास उंच जागा एकच होती, सासूबाईंची संत्र्याची बाग. भिजलेली बायकापोरं, बकऱ्या, कोंबड्या असं सगळं लटांबर फाटकाशी येऊन थांबलं. आत दारात बासिलियाबाई उभ्या होत्या.

हासिंतोनं छाती पुढे काढून घसा खाकरला. कडेवर पोर घेतलेली कासिल्दा त्याच्याजवळ सरकली.

"अहो, राजाचं नाव काढलंत तर मीही आत जाऊन दार लावून घेईन," ती हळूच म्हणाली. "नीट विचारा."

त्यानं टोपी काढली. सरकारी स्पॅनिश बाजूला ठेवून तो घरच्या गुआरानीत बोलला.

"सासूबाई, तुमचे बैल मी न विचारता नेले. चुकलं माझं. आज विचारायला आलोय. या माणसांना जागा द्याल?"

बाई दारातून फाटकापर्यंत आल्या. मग त्यांनी विचारलं, "नावं तरी आठवतात का त्यांची?"

"पालोमो आधी गेला. लुसेरो त्याला हाका मारत राहिला. मी रात्री त्याच्याजवळच झोपायचो, पण चाऱ्याला त्यानं तोंड लावलं नाही."

हे बाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि फाटक उघडलं.

"पोरांना आधी आत घ्या जावईबुवा. आणि ती बारूद माझ्या चुलीपासून लांब ठेवा."

तेव्हापासून राजाचं ठाणं संत्र्याच्या बागेत भरू लागलं आणि हुकूम बासिलियाबाईंचा चालू लागला. कवायतीत रोपं तुडवली जातात म्हणून त्यांनी कवायत गोठ्यामागे नेली. पहारेकऱ्याच्या हाताला काम हवं म्हणून त्याच्या पुढ्यात सोलायला कंद ठेवले. हासिंतो तक्रार करायचा, पण आपल्या पुढ्यातले कंद सोलत सोलत. आसुन्सिओनहून नवं ठाणं बांधायचे हुकूम येत राहिले. जमीन अजून ओली आहे, असं तो दरवेळी कळवत राहिला. पुढे कोणी विचारायचंही सोडून दिलं.

बासिलियाबाई गेल्या तेव्हा जावई लेकीपेक्षा जास्त रडला. बाग हासिंतोच्या थोरल्या लेकीनं, रामोनानं सांभाळली, तिचा भाऊ धर्मगुरू झाला. कालांतरानं हासिंतोच्या जागी दुसरा अधिकारी आला. कासिल्दानं लगेच नवऱ्याचा गणवेश उसवायला घेतला, नातवंडांना बंड्या होतील म्हणून.

"राजाचं कापड आहे ते," हासिंतो कुरकुरला.

"राजानं कधी धुतलंय?" ती म्हणाली.

तो दोन दिवस तोंड फुगवून बसला. पण तिची नजर अधू झाली होती आणि सुईत दोरा जाईना. तिसऱ्या दिवशी तो शेजारी येऊन बसला, तिच्या हातातून सुई घेतली आणि दोरा ओवून दिला. लाल कॉलरचं धाकट्या नातीला टोपडं झालं.