सिरीयलवाल्यांनी खुनी बदलला

राघो माझा मावसभाऊ, म्हणून एवढं तोंड वाजवते. धामणकर नाक्यामागच्या गल्लीत तो कापडाच्या लूमवर कारीगर, आणि त्याच गल्लीत माझी खानावळ. लाईट गेली, लूम बंद पडले, की बाकीचे तंबाखू मळत बसायचे आणि हा माझ्या बाकावर येऊन कोऱ्या कापडात गुंडाळलेली जुनी डिटेक्टिव्ह कादंबरी सोडायचा. मोठ्यानं वाचायचा, मध्ये मध्ये हिंदीत सांगायचा. युपीची पोरं जेवता जेवता थांबायची. "राघोभाई, खूनी कौन?" हा बोट वर करायचा. "सबर करो." त्या वेळी त्याचा तोरा बघायचा! शेठच्या शिव्या खाणारा माणूस हाच का, असं वाटायचं.

तोरा का नसावा? कादंबरी त्याच्या आजोबावर होती. अंबाडी नाक्यापासून आत आमचं गाव. फार वर्षांपूर्वी तिथं जंगलठेकेदाराचा मुनीम मेलेला सापडला, मानेवर कोयत्याचा घाव. राघोचा आजोबा जान्या, त्याच्या घरात रक्तानं भरलेला कोयता मिळाला. पोलिसांनी जान्यालाच उचललं. अरे, पण त्याच दिवशी गावदेवीची जत्रा! पहिला कोंबडा कापायचा मान पिढ्यान् पिढ्या जान्याच्या घराचा. कोयत्याला रक्त नाही तर काय अत्तर लागणार? कोर्टानं सोडलं, गावानं नाही सोडलं. मान काढून घेतला.

पुढे अकलोलीच्या गरम कुंडात गुडघे शेकायला मुंबईचा एक लेखक आला होता. त्यानं ही हकीकत ऐकली आणि कादंबरी लिहिली, नावंसुद्धा तीच ठेवली. त्यातला डिटेक्टिव्ह कोयत्याच्या मुठीत अडकलेलं कोंबड्याचं पीस शोधून काढतो. घरातली नवी सून सांगते, कोंबडा मी सोलला. आणि खुनी निघतो ठेकेदाराचा भागीदार. शाळेच्या मास्तरांनी ती कादंबरी देवळापुढे वाचून दाखवली. गावानं ऐकली, माना खाली घातल्या, आणि पुढच्या जत्रेला कोयता परत जान्याच्या हातात दिला. जान्यानंतर राघोच्या बापाकडे आला, बापानंतर राघोकडे. जत्रेच्या दिवशी राघो नवा सदरा घालून देवळापुढे उभा राहिला की गाव वाट करून द्यायचं. त्याच्याजवळ दुसरं होतं काय? तेवढंच.

ती नवी सून म्हणजे राघोची आई, माझी तुळजामावशी. ती अजून आहे. हल्ली आज जेवली का काल, ते तिला आठवत नाही, पण जीभ शाबूत आहे.

तर गेल्या वर्षी या कादंबरीवर मोबाईलवरची सिरीयल काढायला माणसं आली. शूटिंग आमच्याच गावात. राघोनं अंगण दिलं, कोयता दिला, मुठीत पीस कसं अडकतं तेही करून दाखवलं. त्यांच्या साहेबाला विचारलं, "पुस्तकातलं बदलनार न्हाय ना?" साहेब म्हणाला, "काका, एकेक पीस तसंच ठेवणार." आणि मेला खोटं नव्हता बोलला. पीस तसंच ठेवलं.

मी खानावळीत दिवसभर टीव्ही लावते, असल्या खुनाच्या सिरीयली मला पाठ आहेत. पुस्तकातलं जसंच्या तसं कुणी दाखवत नाही, हे मलाही कळतं. म्हाताऱ्या डिटेक्टिव्हला तरुण करा, मधेच गाणं घाला, बिनबायकोच्या माणसाला बायको द्या, आपलं काय जातं? पण खुनी बदलायचा नसतो. डाळीत मीठ कमीजास्त झालं तर गिऱ्हाईक खातं. डाळीत डाळच नसेल तर काय पाणी पिणार? आणि इथं तर ज्याच्यावर आळ आला त्याचं घर अजून नांदतंय.

सिरीयल सुरू झाली. राघो रोज येऊन सांगायचा, "ताई, सगळं पुस्तकाबरहुकूम हाय." घर तेच, कुंड तेच, डिटेक्टिव्हची छत्रीसुद्धा तीच. शेवटचा भाग यायच्या आधी या शहाण्यानं अख्खं गाव समाजमंदिरात बोलावलं, रविवारी दुपारी, मोठ्या टीव्हीवर. मी म्हटलं, "आधी एकटा बघून घे." म्हणतो कसा, "घरचं लगीन कुनी आधी एकटं बघतं का?" कपाळ!

बघितलं सगळ्यांनी. डिटेक्टिव्ह पीस शोधतो, सून साक्ष देते, जान्या सुटतो. राघोनं टाळी वाजवायला हात उचलले. तर भाग संपायच्या आत जान्या अंगणात एकटा येतो, खुराड्यातल्या कोंबडीचं पीस उपटतो, मुठीत खोचून बघतो आणि हसतो. म्हणजे खुनी तोच, पीस त्यानंच अडकवलं होतं. सून दाराआड रडते, कारण ती खोटं बोलली होती. संपलं. राघोचे हात तसेच वर राहिले. टाळी दुसऱ्यांनीच वाजवली. देवळाच्या कमिटीचा सावळाराम म्हणाला, "शेवट भारी केला हां!"

राघोनं साहेबाला फोन लावला. माझ्यासमोर, स्पीकरवर. साहेब म्हणाला, "काका, पुस्तकातला खुनी लोकांना आधीच माहीत असतो. धक्का नको का द्यायला? आणि सुरुवातीला लिहिलंय की, सगळं काल्पनिक आहे." राघो म्हणाला, "साहेब, आमच्या गावाचं नाव तं काल्पनिक न्हाय." तिकडून फोन कट. फोन माझ्या हातात असता तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

लूमवर त्याला जान्या म्हणायला लागले. ज्या पोरांनी माझ्या बाकावर बसून कादंबरी ऐकली होती, त्यांच्यातलाच एक म्हणाला, "किताब में तो आधी बात थी, राघोभाई. पूरी तो अब दिखाई." मी त्याच्या ताटातली भाकरी उचलून घेतली. पण किती जणांच्या उचलणार?

आमच्या घरात सिरीयलीवर खूश एकटी तुळजामावशी. तिचं काम करणारी नटी गोरी, नाकात मोती. मावशी नातवाच्या, दिनेशच्या मोबाईलवर तो भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगायची. "बघ गं हौसा, कशी दिसते मी!" मी हसायची. हसायला नको होतं.

जत्रेआधी कमिटी बसली. विषय एकच, पहिला कोंबडा कोणी कापायचा. राघो कोयता आणि कादंबरी घेऊन गेला, शेवटचं प्रकरण उभ्यानं वाचलं. पोरं मोबाईलमध्ये, म्हातारे जांभया देतात. कमिटीतला नवशा म्हणाला, "त्ये जुनं झालं रं. आता नवीन निघालं." राघोचा आवाज चढला. "मंग माझ्या आयला विचारा! त्या दिशी घरात हुती अशी ती एकलीच जित्ती हाय." मी त्याची बाही ओढली, म्हटलं, "राघो, नको." त्यानं हात झटकला. आईवर कोणाचा भरवसा नसतो?

मावशीला धरून आणलं. सावळारामनं विचारलं, "तुळजाआय, त्या दिशी कोंबडा कुनी सोलला?"

मावशीनं पदर नीट केला. "कुनी न्हाय. मी खोटं बोलले. किती रडले मी, तुमी पायलं न्हाय?"

कोणीतरी फिसकन हसलं. राघो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. "आय, ती तू न्हाय. ती नटी हाय. तूच तं सांगायचीस, हाताला पिसं चिकटलेली, धुऊन जाईनात."

"त्ये मामंजींना वाचवाया," ती म्हणाली, आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. "भिऊ नको. पोलीस गेले आता."

मी तोंड उघडलं होतं, पण सख्ख्या साक्षीदारापुढे कोण माझं ऐकणार? सावळारामनं कोयता आपल्या पुतण्याच्या हातात दिला. कोयता राघोच्याच घरचा, तो तेवढा कमिटीनं ठेवून घेतला.

जत्रेला राघो जुन्याच सदऱ्यात गर्दीच्या मागे उभा होता, आईचा दंड धरून. ढोल सुरू झाला. पुढची माणसं उंच, मावशीला काही दिसेना. ती टाचा उचलून विचारत होती, "कोन कापतंय रं?"

"आपल्याच घरचं कापतंय, आय," राघो म्हणाला.