काळ्या बाटलीची फट

दोरीवरचा नारिंगी तरंगा लाटेखाली गेला की तो वर येईपर्यंत मी होडीचा काठ धरून राहते. त्याच्याखाली समुद्राच्या पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या लोंबकळत आहेत. एक साध्या काचेची, दुसरी काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. पाण्यातले सूक्ष्म हिरवे जीव उजेडात किती प्राणवायू शिल्लक टाकतात ते पहिली सांगते. अंधारात किती खर्च करतात ते दुसरी.

माझी सहकारी वैशाली हिच्या मांडीवरचं नवं यंत्र हेच उत्तर प्रकाशाच्या एका झोताने देतं. बाटल्यांचा आकडा जुळला तरच तिच्या यंत्रावर विश्वास ठेवता येईल, आणि हंगामातली ही शेवटची फेरी. झाकणं, गाठी, वजनं मी सकाळीच तपासली होती.

"बाय, वारं फिरलंय. निघू या," होडी चालवणारे नाखवा म्हणाले.

"दुपारपर्यंत थांबायचं ठरलंय, नाखवा."

"तुमचं ठरलंय. वाऱ्याला कोणी विचारलं?"

वैशाली हसली, पण नजर तरंग्यावरच. माणसांचंही या बाटल्यांसारखंच असावं. कसे आहात, असं विचारलं की उत्तर लगेच मिळतं. अंधारात कोण किती खर्च होतं, ते कळायला मात्र सोबत थांबावं लागतं.

आम्ही दुपारपर्यंत थांबलो. दोरी ओढली, तर काळ्या बाटलीचं प्लास्टिक एका बाजूने फाटलेलं. सकाळपासून आत ऊन शिरत असणार; अंधारातल्या खर्चाचा आकडा वाया गेला.

वैशालीने त्या फटीवर तळवा ठेवला. किनारा येईपर्यंत तिने तो काढला नाही.