पाकोळ्यांची नसरीन

युसूफचा फोन आला तेव्हा मी लातूरला घरी मेथी निवडत बसले होते. "बाजी, आपा गेली..." एवढंच तो बोलला आणि पुढे नुसतं त्याचं नाक ओढणं ऐकू येत राहिलं. मी मेथी तशीच टाकली आणि नांदेडची एसटी पकडली. रस्ताभर मला रडू येत नव्हतं, रागच येत होता. मला तो बाजी म्हणतो, ताईसारखं, आणि आपा म्हणजे त्याची थोरली बहीण, माझी मैत्रीण नसरीन. ती माझ्याहून लहान. पण माझं, या सुनंदाचं, म्हणून काही ऐकायचं नाही हा तिचा बाणा होता आणि तो तिनं शेवटपर्यंत पाळला.

ती मूळची धर्माबादची. नांदेडला कॉलेजात असताना हॉस्टेलवर आम्ही एकाच खोलीत राहायचो. मला मराठी, तिला प्राणिशास्त्र. बाकीच्या मुलींच्या खिडकीत आरसा-पावडर असायची, हिच्या खिडकीत काचेच्या बाटलीत मेलेली पाकोळी. आमच्याकडे लहान वटवाघळांना पाकोळ्याच म्हणतात. पहिल्या दिवशी मी किंचाळले तर म्हणाली, "अगं, तोंड तर बघ तिचं. आपल्या रेक्टरबाईंपेक्षा लई देखणी हाय." त्यानंतर रेक्टरबाई समोर आल्या की मला हसू आवरायचं नाही आणि बोलणी दोघींना खावी लागायची.

शिकत शिकत ती थेट दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत जाऊन पोचली. तिथली वटवाघळं, त्यांच्या अंगावरचे किडे, त्यांचे रोग, हाच तिचा संसार. सुट्टीत आली की माझ्या ओट्याशी उभी राहून, मी भाकरी थापत असताना, तिच्या गोष्टी चालायच्या. तिकडे म्हणे काही वटवाघळं पानाची शीर कुरतडून पान दुमडतात आणि त्याच्या आडोशाला राहतात. पान सुकलं की दुसरं शोधतात. काही मात्र पिढ्यान् पिढ्या एकाच गुहेत. या गुहेवाल्यांच्या अंगावर रक्त पिणाऱ्या माश्या फार. कारण ही माशी एका वेळी एकच पिल्लू पोटात वाढवते आणि भिंतीवर नेऊन ठेवते. कायमची भिंतच नसेल तर तिनं बाळंतपणाला जायचं कुठं? "बिऱ्हाड बदलत राहिलं की माश्यांचा ताप कमी," नसरीन म्हणायची. मी विचारलं, "म्हणजे कुणी चिकटू नये म्हणून तू अशी फिरत राहिलीस होय गं?" त्यावर ती पोट धरून हसली आणि माझ्या तव्यावरची भाकरी उलटली. मला ती फार आवडायची, हे मी तिला कधी असं सरळ म्हटलं नाही.

परत आली ती खोकला घेऊन. भाऊ युसूफ तिच्याहून बराच धाकटा. नांदेडात त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे आणि मागेच घर. तिथं ती राहिली. छातीच्या फोटोत डाग दिसला की आमच्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी टीबीच. तिलाही आधी त्याचीच औषधं सुरू झाली. गुण येईना, तेव्हा तिनंच डॉक्टरांना सांगितलं की गुहांमध्ये वटवाघळांच्या लेंड्यांत एक बुरशी वाढते, तिची धूळ श्वासातून आत जाते, तेही तपासून बघा. तेच निघालं. औषधं बदलली, पण तोवर फुप्फुसं पार खराब झाली होती.

दुकानामागच्या पत्र्याच्या गोदामात पाकोळ्या होत्या. एके दिवशी माझ्यादेखत युसूफचा तोल सुटला. "ह्यांनीच खाल्लं माझ्या आपाला! धूर करतो अन् एकेक मारतो, बघा तुम्ही."

नसरीन खाटेवर उठून बसली. बोलताना तिला धाप लागत होती. "युसूफ, गुहेत तोंड न बांधता कोण गेलं? मी गेले. घाई मला होती. त्यांनी काय आवतण दिलं होतं का?"

"मग मी राग कुणावर काढू, आपा?"

"माझ्यावर काढ. मी हाय अजून."

तो डोळे पुसत बाहेर गेला. मग ती हळूच मला म्हणाली, "सुनंदे, मी आहे तवर न्हाई मारणार तो. नंतर मारील. जन्मभर लोकांना सांगत आले, घाबरू नका, सांभाळून राहा. आणि माझ्याच घरात..." मी तिचा हात धरून बसले. तिचं खरं होतं, युसूफचा तापट स्वभाव मी तो लहान असल्यापासून पाहिलेला.

ती गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी नांदेडला गेले. जेवणं उरकली, माणसं पांगली, आणि युसूफ कुठं दिसेना. धूर करून मारायची त्याची धमकी मला आठवली. मी तडक मागच्या गोदामाकडे गेले. दार सताड उघडं होतं. आत युसूफ नाकातोंडाला घट्ट फडकं बांधून उभा होता आणि झारीनं जमिनीवर पाणी शिंपडत होता. ओल्या झालेल्या लेंड्या तो खोऱ्यानं अलगद उचलून घमेल्यात टाकत होता. वर पत्र्याखाली पाकोळ्या आपल्या लटकलेल्या.

"काय करून राहिलास रे?" मी आत पाऊल टाकलं.

"थांबा, बाजी! तिथंच थांबा. आधी तोंडाला बांधा." मी पदर नाकाशी धरला, तर त्यानं मान हलवली. "असं न्हाई. नीट बांधा. कोरडं झाडायचं न्हाई, धूळ उडू द्यायची न्हाई, आपानं सांगितलंय."

मी पदर नीट बांधला. मग विचारलं, "राग गेला का रे मग?"

"न्हाई गेला," तो वर बघत म्हणाला. "रोज येऊन शिव्या देतो त्यांना."

आणि झारी भरून आणायला गेला.