बंद दारांपुढचा सडा

सोलापूर स्टेशनात उतरलो तेव्हा अंगावरचं उपरणं पांढरंशुभ्र होतं. वळसंग मागं टाकेपर्यंत त्याची पार दशा झाली. माझा मित्र दामूअण्णा लोकल बोर्डात ओव्हरसियर. "चल, आमचा मुलूख दाखवतो," म्हणाला आणि मी भुललो. छकड्यानं हाडं खिळखिळी केली, पण दोन्ही बाजूंची ज्वारी पाहून कुरकुर करायचं विसरलो. एवढ्या कोरड्या रानात हे पीक उभं राहतं तरी कसं, देव जाणे!

दामूअण्णाचं काम विहिरीचं होतं. सरकारी मदत हवी तर गावात ठरावीक नांदती घरं लागतात, आणि इथली माणसं सोलापूरच्या गिरण्यांत निघून चाललेली. विहीर नाही म्हणून माणसं जातात, माणसं गेली म्हणून विहीर मिळत नाही. डोकं फिरवणारा कारभार!

गाव पाहून मात्र जीव भांड्यात पडला. बरीच दारं लोटलेली होती, पण सुगीचे दिवस, माणसं रानात असणारच. दारोदार ताजा सडा, वर रांगोळी. "घरं भरतील बघ," दामूअण्णा खुशीत म्हणाला.

गावच्या पाटलांनी आम्हांला त्यांच्या चुलतीकडं, गंगव्वाकडं जेवायला नेलं. "बर्री, बर्री" (या, या) करत तिनं घोंगडं अंथरलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, घट्ट दही. पुण्यातल्या पंगतींनी झक मारावी! चटणी अशी झणझणीत, की मी तांब्याभर पाणी प्यालो, दुसरा मागितला, उरल्यात पाय धुतले.

मग पाटील आणि गंगव्वाबरोबर पाणी भरायची जागा बघायला निघालो. लांब ओढ्याच्या वाळूत एक झिरा (उकरलेला खड्डा), आणि बायका वाटीवाटीनं घागर भरत बसलेल्या. धुतलेले पाय कुठं लपवू असं मला झालं.

"मग दारोदार सडा कशाचा?" दामूअण्णानं विचारलं.

पाटील चुलतीकडं बघत राहिले. ती नुसती गप्प बसली असती तरी विहीर पदरात पडत होती.

"ह्याच पान्याचा, रावसाहेब," गंगव्वा म्हणाली. "निम्म्या घरांस्नी कुलपं हायती. त्यांच्या दारात आमी घालतो."

"रिकाम्या घरापुढं कशाला?"

"मानूस परत आलं, तर दार कोरडं दिसाय नको की."

परतताना दामूअण्णा म्हणाला, घरं कमीच पडतात, खोटं लिहिणार नाही. पण पाहिलं ते सगळं लिहीन. मी त्याच्यावर चिडलो. अशा गावाला नाही तर कुणाला द्यायची विहीर? पुण्यात आलो तरी घरचा नळ सोडताना गंगव्वा आठवायची.

पुढच्या वर्षी दामूअण्णा घरी आला. त्याचा अहवाल वाचून वरच्या साहेबानं सकाळी जाऊन ती दारं स्वतः पाहिली होती. घरं कमी असूनही मदत मंजूर झाली, विहिरीला गोड पाणी लागलं. पहिली घागर देवाला घातली असेल, मी म्हणालो.

"देवाला तांब्याभर. बाकीची घेऊन गंगव्वा निघाली बंद दारांकडं," तो म्हणाला. "एका दारात मात्र तिला सडा घालताच आला नाही. घरची सून आधीच घालून बसली होती."