दारातला हात

आम्ही निघालो तेव्हा आई विट्याच्या स्टँडवर एस.टी.च्या खिडकीखाली उभी होती. सुमन, तू माझ्या गौरीला कडेवर घेऊन शेवटचा शेंगदाण्याचा लाडू भरवत होतीस आणि ती तुझ्या केसांना चिकट हात पुसत होती. आई रडली नाही. भाकरीचं गाठोडं तिने खिडकीतून आत दिलं आणि म्हणाली, "तिकडं कुणी फुकट काय देऊ केलं, तर आधी हात मागं घ्यायचा. मग बघायचं." गाडी हलली तरी ती तेच सांगत होती आणि मी मान हलवत होते.

हे तुला पाठवीन की नाही, माहीत नाही. गौरीच्या शाळेच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली आहेत, त्यांवर लिहिते आहे. इथल्या वह्यांना रेघा नसतात. माझ्या ओळी उजवीकडे खाली घसरतात. चौथीनंतर इतकं लांब मी कधी लिहिलेलं नाही.

हे इथे तमिळ मुलखात, साहुकारपेठेत, गलाईच्या दुकानात नऊ वर्षं सोनं गाळत होते, ते तुला ठाऊक आहे. तेजाबाच्या धुराने त्यांची छाती गेली. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा, मोकळ्या हवेत राहा. तेव्हा एका गिऱ्हाइकाने सांगितलं की तांबरमच्या पुढे एका खेड्यात लहानशी शाळा आहे, तिथे जोडपं हवं आहे. नवऱ्याने बाग आणि गाय बघायची, बायकोने मुलांचा स्वयंपाक करायचा. पगार मिळेल, राहायला खोली मिळेल आणि मुलगी असेल तर तिला शाळा फुकट. यांनी फोनवर ते आनंदाने सांगितलं. 'फुकट' म्हटल्यावर मी दोनदा विचारलं, बदल्यात काय घेणार? पण यांचा खोकला फोनमधून ऐकू येत होता, म्हणून निघाले.

शाळा म्हणजे मातीच्या विटांच्या चार खोल्या, ताडाची झाडं आणि पलीकडे एरी, म्हणजे तळं. फाटकाला कुलूप नाही. ज्या जागेला कुलूप नाही तिथे चोरण्यासारखं काय आहे, किंवा लपवण्यासारखं काय आहे, असा विचार मी कितीतरी दिवस केला. हिला वॉल्डॉर्फ पद्धतीची शाळा म्हणतात. तो शब्द मी अजून मनातल्या मनातच म्हणते.

गौरीच्या बाई वसंती अक्का. इथे बाईंना अक्काच म्हणतात, आपण थोरल्या बहिणीला म्हणतो तसं. रोज सकाळी त्या वर्गाच्या दारात उभ्या राहतात. मुलं रांगेने येतात. त्या एकेकाचा हात हातात घेतात, डोळ्यांत बघतात, नाव घेऊन वणक्कम म्हणतात आणि मग आत सोडतात. आम्ही आलो त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढेही हात केला. मी हात पदराखाली घेतला आणि नुसती मान लववली.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दार समोर दिसतं. भाजी निवडता निवडता मी बघायची. आधी वाटलं, नखं तपासतात. पण काळ्या नखांची मुलंही आत जात होती. मग वाटलं, ताप बघतात. एकदा वाटलं, डोळ्यांत बघून मुलांच्या मनातलं काढून घेत असतील. हसू नकोस. तू इथे एकटी असतीस, भाषा येत नसती, तर तुलाही असंच वाटलं असतं. लहान मुलांच्या बाहुल्यांना इथे नाक-डोळे नसतात. गोष्ट सांगताना भर दिवसा मेणबत्ती लावतात. मी एकदा झाडू मारायच्या निमित्ताने दाराशी उभी राहून गोष्ट ऐकली. कावळा आणि नदीची होती. कावळ्यात वाईट काही सापडलं नाही.

जेवणातही शाळेची पद्धत आहे, प्रत्येक वाराचं धान्य ठरलेलं. सोमवारी भात, मंगळवारी नाचणी, बुधवारी बाजरी, गुरुवारी ज्वारी, शुक्रवारी गहू. गुरुवारी मी भाकरी थापायची. त्या दिवशी मला कमी भीती वाटायची.

खरी भीती गौरी बालवर्गातून पहिलीत गेल्यावर सुरू झाली. सात वर्षांची झाली तरी तिला एक अक्षर येत नव्हतं. पहिल्या दिवशी फळ्यावर काय काढलं, तर एक उभी रेघ आणि एक वाकडी. मुलं ती रेघ जमिनीवर चालून बघत होती, हवेत काढत होती, मग रंगाने कागदावर. किती तरी दिवस रेघाच. मग बांबूच्या सुया स्वतः घासून गुळगुळीत करायच्या आणि लोकर विणायची. परीक्षा नाही, पुस्तक नाही. माझ्या मनात आलं, स्वयंपाकिणीची पोर म्हणून हिला हातकाम शिकवून ठेवत आहेत, उद्या माझ्या जागी उभी करायला. पण पेरुंगुडीच्या कॉम्प्युटर कंपनीवाल्यांची मुलं मोटारीतून येत होती, तीही तिच्या शेजारी बसून विणत होती. मग मी वेगळा हिशेब केला. त्यांच्या मुलांचं बिनसलं तर ते शिकवणी लावतील, शाळा बदलतील. माझ्या मुलीचं बिनसलं तर ती माझ्यासारखी होईल.

तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस. चौथीला मी वर्गात पहिली आले होते. पाचवी पलीकडच्या गावात होती आणि वाटेत ओढा होता. वडील म्हणाले, "आता बास झालं, सही करता येती." मी मान हलवली आणि दप्तर खुंटीला अडकवलं.

गावाहून येताना मी अंकलिपी आणली होती. रोज संध्याकाळी खोलीचं दार लावून, कडी घालून मी गौरीला शिकवायला लागले. अ अननसाचा, आ आईचा. ती पटापट शिकली. मी तिला बजावलं, "अक्कांना सांगायचं नाही हं." त्यांना कळलं तर म्हणतील, आमच्यावर भरवसा नसेल तर जा. मग खोली जाईल आणि हे परत धुरात जातील. गौरीने मान हलवली, अगदी मी आईपुढे हलवली होती तशी.

पोंगलची सुट्टी संपली आणि एका सकाळी खिडकीतून दिसलं, रांगेत गौरीची पाळी आली तेव्हा तिने हात पाठीमागे घेतला. अक्कांनी हात पुढे ठेवला. गौरी खाली बघत आत गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी तिला गायीच्या गोठ्यात गाठलं.

"हात का देत नाहीस गं अक्कांना?"

"त्या बघतात."

"बघू दे की."

"त्यांना कळेल."

"काय कळेल?"

"अंकलिपी," ती म्हणाली. मग माझ्यावरच रागावली. "तूच सांगितलंस ना, सांगायचं नाही. मग त्यांच्याकडे कसं बघू?"

मी तिथेच शेणाच्या घमेल्याशेजारी बसले. आईने मला सांगितलं होतं, आधी हात मागं घ्यायचा. मी गौरीला ते कधी सांगितलंच नव्हतं. तरी ती शिकली होती, आणि हात मागं घेतला कुणापासून, तर जिच्याकडे ती पहिल्या आठवड्यात पळत जायची तिच्यापासून.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. पीठ मळून ठेवलं आणि मी जाऊन मुलांच्या रांगेत शेवटी उभी राहिले. माझ्या पुढच्या मुलाने वळून विचारलं, "भाकरी अक्का, तुम्ही पहिलीत का?" मी म्हटलं, "नाही रे, मी चौथीत." तो पटल्यासारखा पुढे वळला.

माझी पाळी आली. हाताला पीठ होतं. मी मोडक्या तमिळमध्ये सांगितलं की मी गौरीला चोरून अक्षरं शिकवते, तिचा काही दोष नाही, काढायचं तर मला काढा, यांना ठेवा.

वसंती अक्का म्हणाल्या, "तेरियुम." म्हणजे माहीत आहे. मग म्हणाल्या, दोन महिने गौरी मधल्या सुट्टीत एरीकाठच्या वाळूत तुमची अक्षरं लिहिते आहे आणि पायाने पुसते आहे.

"मग बोलला का नाहीत?"

"शिकवू नका म्हटलं असतं तर थांबला असता?"

"नाही."

"मग कशाला बोलू," त्या म्हणाल्या. "शिकवायचं तर शिकवा. फक्त दार उघडं ठेवा. मुलीला दोन घरांमध्ये लपत फिरायला लावू नका."

मला हे आवडलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. ज्या माणसाला सगळं माहीत असतं आणि जो गप्प राहतो, त्याच्याबद्दल मला जास्तच शंका येते. पण त्यांचा हात अजून पुढेच होता. मी पिठाचा हात दिला. तो त्यांनी झटकला नाही. गौरीने त्या दिवशी हात दिला नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. सोमवारी दिला.

आता ती दुसरीत आहे. अंकलिपी आम्ही स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून वाचतो. बसमधून तांबरमला जाताना ती मला तमिळ पाट्या वाचून दाखवते. बरोबर वाचते का, मला कळत नाही, म्हणून मी शेजारच्या बाईचा चेहरा बघते. ती दहावीला बसेल का, पास होईल का, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी दर महिन्याला विचारते. अक्का दर महिन्याला म्हणतात, "वाट बघा." मी बघते आहे, पण डोळे उघडे ठेवून.

मे महिन्यात आम्ही गावी आलो, तेव्हा तू सासरी होतीस, म्हणून हे सांगते. आई दारात उभी होती, हातात भाकरतुकडा घेऊन. तो ओवाळून टाकायच्या आधीच गौरी पुढे गेली, उंबऱ्याशी थांबली, आईच्या डोळ्यांत बघितलं आणि हात पुढे केला.

आईने हात मागे घेतला. मला म्हणाली, "काय मागतीय ही?"

"काही मागत नाही," मी म्हटलं.

"मग हात कशाला?"

गौरीने हात खाली घेतला नाही. उन्हात तशीच उभी राहिली. आईने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, भाकरतुकडा डाव्या हातात घेतला, उजवा हात लुगड्याला पुसला, दोनदा पुसला, आणि दिला. मग बराच वेळ सोडला नाही. "हात खरखरीत झाला की गं पोरीचा," म्हणाली. सुया घासून झाला होता.

निघताना मलाही वाटलं, आपणही हात पुढे करावा. जमलं नाही. मी वाकून पाया पडले आणि एस.टी.त बसले. इथे आल्यावर फाटक नेहमीसारखं उघडंच होतं. खोलीच्या दाराला आतून कडी घालायला गेले तर गौरी म्हणाली, "आई, आपण घरी आलोय." मी कडी सोडली. दार नुसतं लोटून घेतलं.