विनाकारण थांबा

बसडेपोच्या कंट्रोल रूममध्ये नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपसूक साठतात. भिंतीवर मोठा स्क्रीन आला, प्रत्येक गाडीत जीपीएस बसलं, तेव्हापासून तर फारच! पण हसत सांगावेत असे त्यात थोडेच.

पहिल्याच आठवड्यात एक गाडी गगनबावड्याच्या घाटात स्क्रीनवरून गायब झाली. आमचे साहेब नवे. घामाघूम! मी अर्धा तास फोन लावत होतो. शेवटी ड्रायव्हरनं उचलला.

"अवो, धुक्यात मलाच रस्ता दिसंना, तुमच्या टीव्हीला काय दिसणार!"

दुसऱ्या एका ड्रायव्हरची बायको मोबाइलवर त्याची गाडी बघायची आणि बरोबर वेळेला तवा ठेवायची. मी म्हटलं, "मजा आहे तुझी!"

तो म्हणाला, "भाकरी गरम मिळती, खरं हाय. पण आधी दारात उभी असायची की वो."

स्टँडवर बोर्ड लागला. शाहूवाडीकडचे एक आजोबा तासभर त्याखाली उभे. बोर्ड सारखा सांगतोय, गाडी पाच मिनिटांत! गाडी वाटेत बंद पडलेली, बोर्डाला पत्ताच नाही.

"भनीची माती हाय," आजोबा म्हणाले. "मशीन खोटं बोलंल व्हय, म्हणून थांबलो. न्हायतर वडापच्या जीपनं कवाच गेलो असतो."

मी मोटारसायकल काढली, त्यांना मागं बसवलं. बहिणीच्या गावात शिरलो तर माणसं स्मशानातून परत येत होती. आजोबा उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पावणं, तुम्ही निघा आता. अंधार पडंल."

आनंदा कांबळे ड्रायव्हर मालन आक्कांच्या दारात गाडी थांबवायचा. आक्का डायलिसिसला यायच्या, थांब्यापर्यंत चालवत नव्हतं. स्क्रीनवर लाल अक्षरं यायची, 'विनाकारण थांबा'. साहेबांनी मेमो दिला.

"साहेब, कारण आठवड्यातनं दोनदा गाडीत चढतंय. बघायला तर या एकदा!" आनंदा म्हणाला.

पण मेमोनंतर त्यानं थांबणं सोडलं. साहेब खरंच बघायला गेले, तोवर दोन महिने उलटले होते. त्यांनी तिथं थांबा मंजूर करून घेतला. आक्का तेव्हा राहिल्या नव्हत्या. आता तिथं गाडी रोज थांबते. कुणी चढत नाही.

आणि शामराव पाटील. चंदगडची गाडी घेऊन निघाले होते. मध्येच गाडी उभी, लाल अक्षरं. मीच फोन केला.

"शामराव, चहा ढोसताय काय?"

फोन कंडक्टरनं घेतला होता. रडत होता. "दादांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक वढला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. उठंनात वो!"

तोवर मेमो कॉम्प्युटरमधून आपोआप निघायला लागले होते. शामरावांचाही निघाला. घरी गेला. गाडी का थांबवली, सात दिवसांत लेखी खुलासा करा.

सातव्या दिवशी वहिनी आल्या. लेकीच्या अक्षरात लिहिलेला कागद माझ्यापुढं ठेवला. 'गाडी कडेला घेऊन उभी केली होती. हँडब्रेक लावला होता. सगळे प्रवासी घरी पोचले.'

वहिनींनी विचारलं, "साहेब, एवढं पुरं व्हईल न्हवं?"